पाचव्या महिन्यातले पाहुणे

दुकानात कागदी कंदील टांगायचं काम चाललं होतं. पिम्पा स्टुलावर चढलेली, तोंडात सुतळीचा तुकडा, आणि खालून एकेक कंदील वर देणारी प्लोय. प्लोय महिन्याभरापूर्वीच फेचबुरीहून, म्हणजे पार खालून समुद्राकडून, चिआंग मायला आली होती. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवायचं तिचं काम, पण फ्रेमांपेक्षा प्रश्नच ती जास्त काढायची. "पिम्पाताई, एक विचारू? तुम्ही सगळे यी पेंग, यी पेंग करता. यी म्हणजे जुन्या भाषेत दोनच ना?" सुतळी दातांत धरूनच पिम्पानं मान हलवली. "आणि पेंग म्हणजे पौर्णिमा. म्हणजे दुसऱ्या महिन्यातली पौर्णिमा. मग पंचांगात बारावा महिना कसा? हे बघा, भिंतीवर चक्क बारा छापलाय." मागं काचा घासायच्या चाकाशी बसलेले मूनकाका चाक न थांबवता हसले. "पोरी, तुमचं पंचांग आळशी आहे. आम्ही डोंगरातली माणसं लवकर उठतो, म्हणून दोन महिने पुढं असतो. तुमचा दहावा तो आमचा बारावा. तुमचा बारावा तो आमचा दुसरा, यी. तुमचा तिसरा तो आमचा पाचवा. माझा जन्म आमच्या पाचव्यातला. तुमच्या हिशोबानं धरशील तर मी दोन महिन्यांनी म्हातारा होईन." प्लोय खिदळली. पिम्पाच्या हातातला कंदील मात्र तसाच लोंबत राहिला, आणि तो गळून खाली पडला तेव्हा प्लोयला वाटलं, ताईंना चक्कर आली. ती चक्कर नव्हती. तिसरा तो पाचवा, एवढे तीन शब्द कानातून आत गेले होते आणि आत कुठंतरी एक फार जुनं दार, ज्याची बिजागरी तिनं स्वतः खिळे ठोकून बंद केली होती, ते करकरायला लागलं होतं.

खाली उतरून ती आपल्या टेबलाशी बसली. कुणा बाईंच्या चष्म्याची दांडी बसवायची होती, सुईएवढा स्क्रू होता, आणि तो बोटांत राहीना. चाळीस वर्षं ती यी पेंग हा शब्द तोंडात घोळवत आली होती. दर वर्षी कंदील, दर वर्षी नदीत सोडलेले केळीच्या सोपाचे दिवे, आणि एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की यी म्हणजे दोन असेल तर हे दोन कुठून आले. काखेत कळसा म्हणतात तो हाच. आई सुफानची, मध्यदेशातली. पिम्पा सात वर्षांची असताना आईबाबा वेगळे झाले आणि आईनं तिला गावाहून शहरात आणलं. घराच्या भिंतीवर आईच्या माहेरचं पंचांग असायचं आणि महिने त्याचे मोजले जायचे. बाबा मात्र तिकडंच राहिले, पांग साक गावात, शाळेत मास्तर म्हणून, ओढ्याच्या काठावर. इन्ता मास्तरांनी एकतीस वर्षं मुलांना अंकगणित शिकवलं आणि मायलेकी गेल्यावर उरलेल्या वेळात ओढा वाचला. एकोणीस वह्या भरल्या त्यांनी, मेणकापडाच्या वेष्टनातल्या. कुठल्या दगडाखाली कोणते किडे, किती, पाणी किती गार, कोणत्या तिथीला. तारखा इंग्रजी नाहीत की सरकारी नाहीत, गावाच्या चंद्राच्या. "महिना पाचवा, शुद्ध एकादशी. सूर्य मावळल्यावर पाहुणे आले." वहीमागून वही, दर वर्षी हीच नोंद. एखादा दिवस इकडे, एखादा तिकडे. महिना पाचवाच.

पाहुणे म्हणजे एक किडा. तीन शेपट्यांचा, करंगळीच्या नखाएवढा, वर्षभर दगडाला पोट चिकटवून पाण्याखाली राहणारा. आणि मग वर्षातून काही संध्याकाळी हे सगळे एकदम वर येतात, पाण्याच्या पाठीवर कात टाकतात, धुरासारखे पंख उघडतात आणि उडतात. तोंड नसतं त्यांना. खायचं नसतंच. दिवस उजाडेपर्यंत संपतात. "पाणी नासलं की सगळ्यात आधी हे जातात," बाबा सांगत, "हे आले की समजायचं, वर्षभराचं पाणी पास झालं." ओढ्याची परीक्षा घेणारे मास्तर, आणि निकाल सांगायला हे पाहुणे. सहा वर्षांपूर्वी बाबांना झटका आला, उजवं अंग गेलं, भाषा गेली. पाचसात शब्द तेवढे डोक्यातल्या त्या पुरातून वाचून काठाला लागले. जा, खा, बरं, नको, सात. पिम्पानं त्यांना शहरात आपल्या घरी आणलं. त्यानंतरची पहिली थंडी सरत आली तशी ते बेचैन झाले. विसावी वही, अर्धी कोरी, मांडीवर ओढली, डाव्या हातानं थोपटली आणि म्हणाले, "जा." "जाते बाबा," ती म्हणाली होती, "पाचवा महिना तर लागू दे." ते तिच्याकडं नुसतं बघत राहिले होते. तिला वाटलं, समजलं नाही त्यांना. मग पाचवा महिना लागला, भिंतीवरच्या पंचांगातला, आणि त्याच सुमारास सोंगक्रानची, पाणी उडवायच्या सणाची सुट्टी आली, एप्रिलातली, जणू देवानंच जुळवून दिल्यासारखी. ती गावी गेली. ओढा हाडं वर आलेल्या गाईसारखा पडला होता. चारी बाजूंनी जाळलेल्या रानाचा धूर. चार संध्याकाळी ती काठावर बसली. एकही आला नाही.

आणि तिला नवल वाटलं नाही, हीच खरी गोष्ट. चोराच्या मनात चांदणं. ते का आले नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे असं ती समजत होती. बाबा इस्पितळात असताना ती गावचं घर आवरायला गेली होती. पावसाळा होता, घरापासून ओढ्यापर्यंतची पायवाट गवतानं गिळली होती. तिला वाटलं, बाबा बरे होतील, चाकाच्या खुर्चीतून येतील, तर वाट मोकळी हवी. वाट मोकळी करायला गावात सगळे जे करतात ते तिनं केलं. तणनाशकाची बाटली आणली, शेजारून पाठीवरचा पंप मागून आणला आणि दोन्ही कडांनी फवारत गेली. चांगल्या मनानं केलं होतं. पण शहरात वाढलेली बाई, पंप धुवायचा कुठं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि समोर पाणी वाहत होतं. बाबांच्या बसायच्या दगडाशीच तिनं पंप उलटा केला. पांढरा फेस गेला. थोड्या वेळानं खालच्या डोहात झिंगे वर आले, कुशीवर, पाय हलवत. मग दोन बोटांएवढ्या मासोळ्या. ती तिथं उभी राहून बघत होती आणि तिच्या मनात फक्त एकच विचार होता, की कुणी बघत तर नाही ना. तो विचार तिला पुढं मासोळ्यांपेक्षा जास्त छळत आला. कुणाला सांगितलं नाही. सांगायला होतं कोण? आणि मग एप्रिलात पाहुणे आले नाहीत तेव्हा तिनं बाबांच्या मांडीवर वही ठेवण्याआधी, गाडीच्या स्टँडवर बाकावर बसून, त्यांच्याच पद्धतीनं लिहिलं: "महिना पाचवा, शुद्ध त्रयोदशी. सूर्य मावळल्यावर पाहुणे आले. मोजता येणार नाहीत इतके."

मूनकाकांचं चाक गरगरत होतं. प्लोय तो पडलेला कंदील सरळ करत होती. पिम्पाला कळलं की आपण स्क्रू तोंडात घातलाय, सुतळीसारखा. तिनं तो काढून पुसला. सहा वर्षं, सहा नोंदी. खोटं बोलायचं तर नीट बोलावं म्हणून दर वर्षी ती थोडं नक्षीकाम वाढवत गेली होती. दुसऱ्या वर्षी वाऱ्याची दिशा घातली. चौथ्या वर्षी एक परीट पक्षी घातला, दगडादगडावर उड्या मारत पाहुणे टिपणारा, शेपूट हलवणारा. तो लिहिताना तिला तो खरोखर दिसलाही होता. आणि ज्या माणसाच्या वहीत ती हे लिहीत होती त्याचा जन्मभराचा एकच नियम होता. लहानपणी सुट्टीत ती त्यांच्याकडे जायची तेव्हा पांढऱ्या एनॅमलच्या ताटलीत पाणी घेऊन दोघं बसत. दगड उचलायचा, तळ ताटलीत खळबळायचा, मग जे सुटं होऊन वळवळेल ते भिंगातून बघायचं. चतुराची राकट पिल्लं, वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती घर बांधणाऱ्या अळ्या, वर पाण्यावर चालणाऱ्या निवळ्या. "दिसलं नाही ते लिहायचं नाही," बाबा म्हणायचे. "आणि बघूनही दिसलं नाही, तर 'दिसलं नाही' असं लिहायचं. ती पण नोंदच. लाज वाटायचं कारण नाही." तिनं एकदा विचारलं होतं, पाहुणे कधी दाखवणार? "आत्ताच गेले गं," ते म्हणाले होते. पुढच्या सुट्टीतही तेच. "थोडक्यात चुकलीस. आत्ताच गेले." ती रुसली होती. तिला वाटलं, पाहुणेबिहुणे काही नाहीत, बाबा थापा मारतात, आई म्हणते तसे. मोठी सुट्टी लागायची मार्चअखेरीस. आत्ताच गेले. म्हणजे ते खरंच आत्ताच गेलेले असायचे, महिन्याभरापूर्वी, तिसऱ्या महिन्यात, जो त्यांचा पाचवा.

तिनं बोटं मोजली. पंचांगातल्या पाचव्यात दोन मिळवले. सात. सोंगक्रान म्हणजे गावच्या हिशोबानं सातवा महिना. मग तिला आठवलं, दर वर्षी ती एप्रिलात गावाहून परतली, वही त्यांच्या मांडीवर ठेवली, की बाबा पान थोपटत म्हणायचे, "सात. सात." आणि तिला वाटायचं, सातच्या गोळ्या मागताहेत. ती गोळ्या आणायची. ते तिच्याकडे बघायचे, गोळ्यांकडे बघायचे आणि मुकाट्यानं गिळायचे. एका वर्षी तर दुपारी दोनला म्हणाले, "सात", आणि तिनं त्यांना घड्याळ दाखवून समजावलं होतं, बाबा, अजून पाच तास आहेत. काय वाटलं असेल त्या माणसाला? तिला हसू आलं, आणि हसू येतंय याची इतकी भीती वाटली की ती उठून मागच्या मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. पाणी हातांवरून जात होतं. म्हणजे मी मारलं नसेल. हे वाक्य मनात आलं तसं तिनं ते ढकलून दिलं, इतक्या स्वस्तात सुटायचं नाही म्हणून. पण ते पुन्हा आलं. म्हणजे कदाचित मी नसेल मारलं. ती फक्त चुकीच्या दारावर सहा वर्षं थाप मारत होती. खिशात फोन होता. पांग साकमध्ये सॉयमावशी होत्या, शेजारच्या, ज्यांचा पंप तिनं मागून आणला होता. एक फोन केला असता तर त्यांनी सांगून टाकलं असतं, येतात की नाही. पिम्पानं फोन काढला, नंबरापर्यंत गेली आणि परत खिशात टाकला. येत नाहीत असं त्या म्हणाल्या असत्या तर?

संध्याकाळी घरी आली तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. गल्लीतली पोरं स्वस्तातले फटाके उडवत होती, एक फुटायचा आणि तीन फुसके. शेजारच्या बाईंनी दुपारचं जेवण भरवलं होतं. पिम्पानं चिकट भाताची टोपली आणि मिरचीची चटणी समोर ठेवली, आणि मग टोपली बाजूला सारून त्यांच्या मांडीवर विसावी वही ठेवली. "बाबा, आपला पाचवा म्हणजे पंचांगातला तिसरा?" अख्खं वर्ष मागच्या बाकावर पेंगलेलं पोर परीक्षेच्या आदल्या दिवशी अचानक बरोबर उत्तर देतं, तेव्हा मास्तर ज्या नजरेनं त्याच्याकडं बघेल तसं ते तिच्याकडं बघत राहिले. मग डोळे मिटले. "सात," म्हणाले. "एप्रिल म्हणजे सातवा," ती म्हणाली. "सात!" आणि डाव्या हातानं त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की वही उडाली. "मी सहा वर्षं सातव्यात जात होते." "बरं," ते म्हणाले, आणि त्या 'बरं'मध्ये इतका जुना थकवा होता की तिला त्यांच्या पायाशी बसावंसं वाटलं, आणि ती बसली. वही उघडली. आपल्या सहा नोंदींची पानं. कडेला पेन्सिलीचे ओरखडे होते. ते तिनं अनेकदा बघितले होते आणि थरथरत्या हाताच्या रेघोट्या म्हणून सोडून दिले होते. आज तिनं दुकानातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. गाठ मारून शेपूट वर वळवलेला, वाकडातिकडा, डाव्या हातानं लिहिलेला सातचा आकडा. प्रत्येक नोंदीसमोर एक. महिना पाचवा, तिनं लिहिलेलं, आणि शेजारी मास्तरांनी दुरुस्त केलेलं: सात. वहीतली चूक मास्तरांनी तपासली होती. फक्त तारखेची. बाकी काही खोडलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "सातव्यात ते येत नाहीत. मी खोटं लिहिलंय, ते ठाऊक होतं." त्यांच्या डाव्या हाताचं बोट पानावरून खाली सरकत गेलं, चौथ्या वर्षाच्या नोंदीपाशी थांबलं, परीट पक्ष्यावर टेकलं, आणि तोंडाच्या ज्या बाजूला हसता येतं त्या बाजूनं ते हसले. थंडी संपली की परीट निघून जातो हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. एप्रिलात परीट! तिलाही हसू फुटलं, आणि हसता हसताच, थांबली तर पुन्हा सांगणं होणार नाही म्हणून, तिनं सांगून टाकलं. गवत, बाटली, पंप, त्यांचा दगड, फेस, झिंगे. "कुणी बघत नाही ना, एवढंच बघितलं मी," ती म्हणाली. "मला वाटलं मीच मारले सगळे. अजून पण माहीत नाही. मेले पण असतील." हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. बोट परीट पक्ष्यावरून उचललं गेलं. हसणारी बाजू दुसऱ्या बाजूसारखीच झाली. ते गल्लीकडं बघत राहिले, आणि पिम्पाला कळलं की खोटं त्यांनी सहा वर्षं पोटात घातलं, पण ओढ्याचं दुखणं ही वेगळी गोष्ट आहे. त्या रात्री ते जेवले नाहीत. तिनं घास पुढं केला की "नको". राग आलाय का, तिनं विचारलं. "नको," ते म्हणाले, आणि हे तिच्या प्रश्नाचं उत्तर होतं की घासाचं, तेही कळलं नाही. सकाळी ती कामावर निघाली तेव्हा त्यांनी हाक मारली, म्हणजे वही जमिनीवर पाडली. "जा," ते म्हणाले. आणि मग डावा तळवा स्वतःच्या छातीवर आपटला. एकदा, दोनदा. मला घेऊन जा.

ते तीन महिने पिम्पा कशी जगली हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसलं नसतं. तिनं काचा बसवल्या, स्क्रू पिळले, नव्या वर्षाला सगळ्यांबरोबर जेवली. आत मात्र एक दिवस सुटका असायची आणि एक दिवस धास्ती. सुटका अशी, की खोटं उघड पडलं होतं आणि आभाळ कोसळलं नव्हतं. घरात शिरताना आता वहीकडे पाठ करून बसावं लागत नव्हतं. धास्ती अशी, की आता बहाणा उरला नव्हता. चुकीच्या महिन्याचा आडोसा होता तोवर ओढा मेलाय हे ती मानत होती, पण मानण्यात आणि बघण्यात अंतर आहे. योग्य महिन्यात, योग्य तिथीला जाऊन बसायचं आणि कुणी आलं नाही तर मग तो निकाल. प्लोयला तिनं एकदा अर्धंमुर्धं सांगितलं. प्लोय म्हणाली, "अहो ताई, एक पंप! पाऊस आला, वाहून गेलं असेल. वरच्या अंगानं नवे येत नाहीत का?" तरुण माणसं अशी चटकन माफ करतात, त्यांच्या माफीनं फार भागत नाही, पण पिम्पानं ते वाक्य जपून ठेवलं आणि धास्तीच्या दिवशी काढून बघितलं. पंचांगातल्या तिसऱ्या महिन्यात, माख बुचाच्या पौर्णिमेआधी चार दिवस मूनकाका आपली पिकअप घेऊन दारात उभे राहिले. "माझ्या वाढदिवसाला निघालोय असं समज," ते म्हणाले. "खऱ्या, लवकरच्या वाढदिवसाला." बाबांना पुढं बसवलं. ते सगळ्या वाटेत वही मांडीवर धरून बसले.

पांग साकला पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. सॉयमावशी कुंपणापाशी उभ्या होत्या, तंबाखूची विडी ओठांत. "अगं बाई, मास्तर!" म्हणत त्या धावल्या, बाबांचा हात धरून रडल्या, आणि डोळे पुसायच्या आधीच पिम्पावर उलटल्या. "इतकी वर्षं त्यांना कोंडून ठेवलंस होय शहरात? आणि स्वतः येतेस ती भर वणव्यांच्या दिवसांत, ओढ्यात एक वाटी पाणी नसतं तेव्हा. काय शोधत असतेस चार चार दिवस? मी म्हणते, हिची अंगठीबिंगठी पडली असेल." पिम्पानं विचारायला तोंड उघडलं, मावशी, पाहुणे येतात का हो अजून? आणि मिटलं. आता एका तासाचा प्रश्न होता. घरामागं वाट नव्हती. जे गवत मारायला ती बाटली आणली होती ते गवत तिच्या डोक्याच्या वर गेलं होतं आणि वाऱ्यावर डुलत होतं, काही झालंच नव्हतं असं. मूनकाकांनी कोयता मागून घेतला, वीतभर वाट पाडली, आणि मग कोयता टाकून बाबांपुढं पाठ करून बसले. "चढा मास्तर. घोडा म्हातारा आहे, चाबूक मारू नका." बाबा हलके झाले होते, त्यांचा लुळा हात काकांच्या छातीवर हेलकावे खात होता आणि पिम्पा मागून तो सावरत चालली होती.

दगड होता तिथंच होता. चटई घालून बाबांना टेकवून बसवलं. पाणी एप्रिलातलं नव्हतं. गुडघाभर, गार, तळाचा खडा न् खडा दिसत होता, आणि पिम्पाला वाटलं, हा ओढा आपण कधी बघितलेलाच नाही, आपण दुसऱ्याच कुठल्या तरी ओढ्याच्या मयताला सहा वर्षं येत होतो. दगड उचलून बघता आला असता. तीन शेपट्या चिकटलेल्या असतील तर आत्ताच कळलं असतं. पण हात पाण्यात जाईना. याच पाण्यात तो पंप रिकामा केला होता. बाबांनी सांगितलंही नाही. ते समोर बघत बसले होते, मान थोडी पुढं, वर्गाच्या दारात उभं राहून हजेरी घेतात तसे. मूनकाका लांब जाऊन विडी ओढत बसले. सूर्य डोंगराआड गेला. पाण्यावर उजेड राहिला, रंग राहिला नाही. एक निवळी आली, गेली. पलीकडच्या काठावर सॉयमावशींच्या कोंबड्या झाडावर चढायला भांडत होत्या. दहा मिनिटं. मग आणखी दहा. पिम्पाच्या लक्षात आलं की आपण मोजतोय ते श्वास. तिनं वही उघडली, पेन्सिल काढली, वर तारीख लिहिली: महिना पाचवा, शुद्ध एकादशी. आणि पुढची जागा कोरी. तिला एकदम स्पष्ट दिसलं की तिथं 'दिसले नाहीत' लिहावं लागलं तर आपण लिहू. रडू, पण लिहू. हे कळताच सहा वर्षं आवळून धरलेलं काहीतरी खांद्यांतून निघून गेलं आणि तिनं पहिल्यांदा पाण्याकडे नुसतं बघितलं, काही मागितलं नाही.

डोहाच्या मधोमध पाण्याची त्वचा उचलली गेली. पावसाचा थेंब उलटा पडावा तेवढीच. त्या ठिपक्यातून काहीतरी उभं राहिलं, क्षणभर स्वतःच्या सालीवर होडीसारखं तरंगलं, आणि उडालं. उडालं म्हणजे कसंबसं, अडखळत, वर जायचं हे नुकतंच आठवल्यासारखं. ते सरळ त्यांच्याकडे आलं आणि बाबांच्या उजव्या हातावर बसलं, ज्या हाताला काही कळत नव्हतं. धुरकट पंख मिटून उभे. मागं तीन शेपट्या, केसाएवढ्या. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पिम्पा तो पहिल्यांदा बघत होती. तिच्या तोंडून असा आवाज फुटला, हसण्याचा की कसला कुणास ठाऊक, की मूनकाका लांबून उठून उभे राहिले. तिनं वहीवर वाकून लिहायला घेतलं. मोजता येणार नाहीत इतके, असं सहा वेळा लिहिलेल्या हातानं तिनं आकडा लिहिला आणि मोठ्यानं म्हणाली, "एक."

"दोन," बाबा म्हणाले.

तिनं मान वर केली. दोन हा शब्द त्यांच्याकडे नव्हता. तो सहा वर्षांपूर्वी वाहून गेला होता. डॉक्टरांनी किती दिवस बोटं दाखवून विचारलं होतं, आणि त्यांनी दर वेळी सात म्हटलं होतं. ते तिच्याकडे बघतही नव्हते. डावा हात उचलून ते पलीकडच्या काठाशी बोट दाखवत होते, तिथं पाण्यातून आणखी एक उठत होता, आणि त्यांचं तोंड, हलणारी बाजू आणि न हलणारी बाजू, दोन्ही मिळून पुढचा आकडा शोधत नव्हतं. तो आपोआप येत होता, एकतीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलेला.

"तीन," ते म्हणाले. "चार."

"बाबा, हळू," पिम्पा म्हणाली. तिला पान दिसत नव्हतं, डोळे भरले होते. "हळू ना, मला लिहू तर द्या."

पण आता पाहुणे दोघंतिघं मिळून उठत होते, आणि मास्तर कुणासाठी थांबायला तयार नव्हते.